अण्णांनी आंब्याला तोंड लावलं नाही म्हणतात, मग मशीनवर 317 कसे?

नेरुळची_सून
रविवारी घडलं ते आधी सांगते, मग विचारते.

सासरे 71 वर्षांचे, शुगर बारा वर्षांपासून. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडची एकत्र गोळी घेतात. मार्चमध्ये एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ताची तपासणी) 7.1 होती, डॉक्टर खूश होते. रोज सकाळी उपाशीपोटी आणि रविवारी दुपारच्या जेवणाआधी अण्णा स्वतःच बोट टोचून मशीनवर साखर बघतात आणि आकडा कालनिर्णयच्या चौकटीत, दुधाच्या खाड्यांशेजारी लिहून ठेवतात.

रविवारी नणंद मुलांना घेऊन जेवायला येणार होती. वाशीच्या एपीएमसीतून हापूसची पेटी आणलेली. रस काढणं हे आमच्याकडे अण्णांचं खातं, मिक्सरमधला रस त्यांना रस वाटतच नाही. बावीस आंबे माचून पिळले, मनगटापर्यंत हात पिवळे. साडेबाराला फडक्याला हात पुसले, सॅनिटायझर चोळलं, बोट टोचलं. 317! सकाळी उपाशीपोटी 124 होती आणि नाश्त्याला फक्त वाटीभर उपमा.

मी पटकन बोलून गेले, "अण्णा, चाखून बघितलात ना?" ते म्हणाले, "देवाशपथ नाही." सासूबाईंनी कोयी मोजल्या. कोयी मोजून काय कळणार, पण मोजल्या. अण्णा जेवणावर रुसले, नातवंडांशीसुद्धा धड बोलले नाहीत.

डॉक्टरांना आकडा कळवला. ते म्हणाले, दोन-तीन दिवस बघा, असंच राहिलं तर गोळी वाढवू. सोमवारी उपाशीपोटी 121, मंगळवारी 127. मशीनच्या पट्ट्यांची मुदत संपलेली नाही, डबीचं झाकणही घट्ट असतं. मग मशीन बिघडलंय, की अण्णा खोटं बोलतायत?

वाशीकर_52
ताई, राग मानू नका, पण खाल्ला असणार. आमचे वडील फ्रिजच्या दाराआड उभे राहून खायचे. बावीस आंबे पिळायचे आणि एकही बोट चाटायचं नाही, हे माणसाचं काम नव्हे.

चरईचा_लॅबवाला
वाशीकर, जरा थांबा. ठाण्यात एकतीस वर्षं लॅबमध्ये रक्त काढलंय, आता निवृत्त आहे. अण्णा खरं बोलत असतील. साखर पोटात गेली नाही, ती बोटावर होती.

हिशेब बघा. मशीनवर 100 म्हणजे एका डेसिलिटर रक्तात 100 मिलीग्रॅम ग्लुकोज, म्हणजेच एका मायक्रोलिटरमध्ये 1 मायक्रोग्रॅम. आणि हल्लीच्या पट्ट्यांना रक्त लागतं अर्धा ते एक मायक्रोलिटर, मोहरीच्या दाण्याहून कमी. त्या एक मायक्रोलिटरच्या थेंबात बोटावरचं 1 मायक्रोग्रॅम ग्लुकोज मिसळलं, म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग, की आकडा 100 ने वर जातो. डोळ्यांना दिसणार नाही, चिकटसुद्धा लागणार नाही. आणि तुमचे अण्णा तर मनगटापर्यंत रसात!

सॅनिटायझरने जंतू मरतात, साखर जात नाही. अल्कोहोलच्या बोळ्याचंही तेच. 2011 मध्ये जपानमधल्या डॉक्टरांनी लोकांना संत्रं, द्राक्षं, किवी सोलायला लावून हे तपासलं होतं. फळ सोलल्यावर बोट अल्कोहोलने पुसलं तरी आकडा फुगलेलाच, नळाखाली हात धुतल्यावर बरोबर. लॅबमध्ये आम्ही बोळा फिरवायचो तो पाहून लोक घरी तेच करतात. पण आम्ही रक्त काढायचो कोपराच्या शिरेतून, तिथे कोणी आंबा पिळत नाही.

साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात धुवा. पाणी कोमट असलं तर थेंबही लवकर येतो. मग कोरडे करा, अगदी नखांच्या कडेपर्यंत. ओल्या बोटावर थेंब पसरतो, रक्त पातळ होतं आणि आकडा चुकतो. टोचायचं बोटाच्या कडेला, मधल्या गुबगुबीत भागाला नाही, तिथे दुखतं जास्त. थेंब येत नसेल तर हात खाली सोडून थोडं थांबा, बोट आंब्यासारखं पिळू नका.

एकाच बेताल आकड्यावर गोळी वाढवायची नसते. ग्लिमेपिराइडने साखर खाली जाऊ शकते, 71 व्या वर्षी ते जास्त धोक्याचं. डॉक्टरांना आंब्याचा भाग सांगितलात का? सांगा.

घोडबंदर_आई
आमच्याकडे याच्या उलटं झालं होतं, म्हणून मुद्दाम लिहितेय. मुलगा अकरा वर्षांचा, टाइप 1, इन्सुलिनवर. एकदा रात्री दोनला घामाने भिजून उठला, हात थरथरत होते. साखर 52, फारच खाली. मी अंधारातच ग्लुकोज पावडरचा डबा उघडला, चमचा सापडेना म्हणून चिमटीने त्याच्या तोंडात घातली, वर पाणी पाजलं. पंधरा मिनिटांनी त्याच हाताने त्याचं बोट धरून टोचलं. 286 आली. मी म्हटलं, सुटलो. दिवा बंद केला, आडवी झाले.

पण त्याचा घाम थांबेना. पाठीवर हात ठेवला तर बनियन गार. उठून त्याचे हात धुतले, माझेही धुतले, परत टोचलं. 61.

तो 286 माझ्या बोटांवरच्या पावडरीचा होता. तेव्हापासून त्याच्या उशाशी ओला नॅपकिन आणि कोरडा नॅपकिन, दोन्ही असतात.

एक शंका, काका. आमच्या सोसायटीत टँकरवर दिवस निघतात. नळाला पाणी नसेल तेव्हा काय करायचं?

चरईचा_लॅबवाला
तांब्याभर पाणी बाजूला काढून ठेवा, तेवढं पुरतं. तेही नसेल तर पहिला थेंब स्वच्छ कोरड्या कापसाने टिपून टाका आणि दुसऱ्यावर तपासा. पण हाताला फळाचा रस किंवा पावडर लागलेली असेल तर दुसऱ्या थेंबाचाही भरवसा धरू नका, धुवायलाच हवं. आणि ताई, त्या रात्री तुम्ही आकडा सोडून मुलाचा घाम बघितलात, ते फार चांगलं केलंत.

नेरुळची_सून
काका, आणखी एक. सासूबाईसुद्धा कधीमधी बोट टोचायच्या त्याच पेनाने साखर बघतात, सुईही तीच असते. "घरातलंच रक्त आहे," म्हणतात.

चरईचा_लॅबवाला
लगेच बंद करा. हिपॅटायटिस बी अशा टोचणीतून एकाचा दुसऱ्याला होतो, नातं बघत नाही. सुई तर वेगळी हवीच, पेनही वेगळं हवं. वापरलेल्या सुया शाम्पूच्या जाड बाटलीत टाकून झाकण लावत जा. कचऱ्याच्या पिशवीत सुट्या टाकल्या की गाडीवरच्या माणसाच्या हातात घुसतात.

नेरुळची_सून
आज परत रस होता, म्हणून प्रयोगच केला. अण्णांनी चौदा आंबे पिळले. मग धाकट्याने आजोबांचा डावा हात नळाखाली धरून साबणाने घासला, नखांत ब्रशसुद्धा फिरवला, आणि टॉवेलने कोरडा केला. उजव्याला नुसतं फडकं आणि सॅनिटायझर. दोन्ही हातांच्या अनामिकेला टोचलं, लागोपाठ.

डावा 133. उजवा 294.

सासूबाई म्हणाल्या, एक पट्टी फुकट गेली. अण्णांनी मात्र दोन्ही आकडे लाल पेनाने लिहिले, मागच्या रविवारच्या 317 वर काट मारली आणि कालनिर्णय भिंतीवरून काढून माझ्यासमोर डायनिंग टेबलवर आणून ठेवलं. मी माफी मागितली. डॉक्टरांनाही कळवलंय. ते म्हणाले, गोळी आहे तीच राहू द्या, महिनाभराने एचबीएवनसी करून घ्या.

आता अण्णा विचारतायत की इतके दिवस आळ सोसला, त्याबद्दल एक फोड मिळेल का. तेही डॉक्टरांनाच विचारलंय, उत्तर यायचंय.

वाशीकर_52
अण्णांना माझाही नमस्कार सांगा. आमच्या वडिलांचं मात्र फ्रिजचंच होतं.