माकडताप: काजूचा सीझन सुरू झाला, गावाला तयार कसं करायचं?

सत्तरीकर: गोव्यात सत्तरीला आमच्या वाड्यावरच्या बायका काजूला जायला लागल्या, आई पण पहाटेच जाते. जंगलातल्या गोचड्या चावून होणाऱ्या माकडतापाची भीती आहे. परवा बागायतीच्या कडेला माकड मरून पडलेलं पण कोणी कळवलंच नाही, म्हणे आरोग्य केंद्रवाले येऊन बागायत बंद करतील आणि बोंडू (काजूची फळं) कुजतील. २०१५ ला सत्तरीतल्याच पाली गावात माकडतापाने काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे तरी असं. काय करू?

वाळपईची सून: आजच्या आज कळव बाबा, आणि तिथे कोणाला फिरकू देऊ नको. माकड मेलं की गोचड्या खाली उतरतात, लहानग्या तर खसखशीएवढ्या, अंगावर चढलेल्या कळत पण नाहीत. आईला आरोग्य केंद्रात मिळणारं, गोचड्या दूर ठेवणारं तेल हातापायाला लावायला सांग, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात आणि लगेच आंघोळ. गोठ्यासाठी पातेरा (सुका पाला) आणतात ना, त्यातून पण घरात येतात, हे कोणाच्या लक्षातच नसतं.

रानवाट: सत्तरीतल्या मेळावलीत गावच्या जमिनीवर आयआयटी आणायला विरोध झाला तेव्हा बायका सगळ्यात पुढे होत्या, २०२१ च्या जानेवारीत सरकारला माघार घ्यावी लागली. जमिनीसाठी गाव उठतं तर तापासाठी का नाही? शिमग्याआधी मांडावर (गाव सणाला जमतो त्या जागी) जमाल तेव्हाच विषय काढ. भाषण नको, ज्याला ताप येऊन गेला त्यालाच बोलायला लाव. आणि मागणी ठेवा, तेल बागायतदाराने द्यायचं आणि आजारी पडलेल्याचा रोज कापायचा नाही. रोज बुडेल म्हणूनच बायका ताप अंगावर काढतात, खरं दुखणं तिथे आहे.

काजूवाला: माझ्या काकाला झालेला. डोकं फुटेल असं दुखायचं, एका खाजगी दवाखान्यात तीन दिवस साधा ताप म्हणून गोळ्या दिल्या, मग गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात) नेला. काजूला जातो हे डॉक्टरने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. म्हणून पहिलं तेच सांगायचं. अंगदुखीला अ‍ॅस्पिरिन, ब्रुफेन मनाने घेऊ नका, रक्तस्राव वाढतो, आणि उतरलेला ताप आठवड्या-दोन आठवड्यांनी परत येऊ शकतो. हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही हो, तरी तेव्हा काकीच्या हातचं पाणी कोणी घेत नव्हतं, ते मी अजून विसरलो नाही.

सत्तरीकर: कळवलं. माणसं येऊन पावडर मारून गेली, बागायत कोणी बंद केली नाही. तेलाचा वास येतो म्हणून आई कुरकुरली पण लावून गेली. रविवारी मांडावर बोलावलंय सगळ्यांना, काजूवाले दादा, काकीला घेऊन याल का?