मदत हवी आहे: कोल्हापुरातल्या सजवलेल्या रिक्षा, जुनी दारं आणि रंगवलेल्या पाट्यांचे फोटो नीट कसे काढावेत?

नमस्कार मंडळी,

प्रश्न फोटोग्राफीचाच आहे, पण पक्षी, किल्ले, लग्नसमारंभ यांपैकी कशातच बसत नाही, म्हणून वेगळा धागा काढते आहे.

मी शिवाजी पेठेत राहते आणि नोकरीला लक्ष्मीपुरीत जाते. महाद्वार रोड, भवानी मंडप, बिंदू चौक ही रोजची वाट, आणि बहुतेक वेळा चालतच. या वाटेवर लोकांनी आपापल्या हौसेनं जे काही सजवून ठेवलेलं असतं, त्याचे फोटो मला काढायचे आहेत. रंकाळ्याचा सूर्यास्त, न्यू पॅलेसचा दर्शनी भाग, पंचगंगा घाटावरचे दिवे यांचे सुंदर फोटो भरपूर आहेत आणि ते काढणारेही माझ्यापेक्षा तयारीचे आहेत. मला हवं आहे ते रोजचं. रिक्षाच्या आतलं कुशनकाम, पेठेतल्या जुन्या वाड्याची चौकट आणि तिच्यावरची गणेशपट्टी, चप्पल लाईनमध्ये दोरीवर टांगलेल्या कापशी-पायताणांच्या माळा, तालमीच्या दारावरचा मारुती, ब्रशनं लिहिलेली दुकानाची पाटी. यातलं काहीच कुणी पर्यटकांसाठी केलेलं नाही. ज्याची वस्तू त्यानं स्वतःला बरं वाटावं म्हणून केलेलं आहे, आणि तेच फोटोत दिसावं असा माझा आग्रह आहे.

घाई अशासाठी की हे भराभर बदलतंय. वाडा पाडला की सागवानी चौकट विकली जाते आणि तिथे शटर येतं. हातानं रंगवलेली पाटी उतरली की फ्लेक्स लागतो. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी चित्रपटासाठी स्वतःच्या हातानं कॅमेरा बनवला, ज्या गावाला आपण कलापूर म्हणतो, तिथल्या साध्या हातांचं काम कुणी टिपून ठेवत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

आता अडचण सांगते. माझ्याकडे एक बऱ्यापैकी मोबाईल आहे आणि भावाचा जुना डीएसएलआर, त्याला १८-५५ मिमीची झूम लेन्स. दोन्हींत फोटो स्पष्ट येतो, पण जे डोळ्यांना दिसलं ते त्यात नसतं.

एक उदाहरण देते. बिंदू चौकात एक रिक्षा उभी असते. आत छताला मरून रेक्झिन, त्यावर पितळी बटणं ठोकून चौकटी पाडलेल्या. पुढच्या काचेच्या वर मोत्यांची झालर, मध्ये अंबाबाईची तसबीर आणि तिला रोज ताजी शेवंतीची वेणी. हँडलच्या दोन्ही टोकांना लोकरीचे गोंडे. बाजूच्या स्टीलच्या पट्ट्या इतक्या घासलेल्या की रस्ता त्यात उलटा दिसतो. मी विचारलं, "मामा, रिक्षाचा फोटो काढू का?" ते म्हणाले, "काढा की! थांबा, पुसून घेतो," आणि सीटखालून फडकं काढून त्यांनी आधी तसबीर पुसली, मग मीटर, मग पट्ट्या. नंतर शेजारी ताठ उभे राहिले. माझ्या फोटोत आतला सगळा भाग काळा आला, बाहेरचा चौक पांढराफटक, स्टीलच्या पट्टीत मोबाईल धरलेली मी, आणि मामा पासपोर्टच्या फोटोला उभे असल्यासारखे. ज्या मायेनं ते पुसत होते त्यातलं काही उतरलं नाही.

दारांचं वेगळंच. गल्ली इतकी अरुंद की मागे सरकायला जागा नाही. चौकट पूर्ण बसवायला मोबाईल वर केला की दोन्ही खांब वरच्या बाजूला एकमेकांकडे झुकतात. वाइड लेन्स वापरली की उंबरा फुगलेला दिसतो. काळ्या दगडाचं जोतं असेल तर तो दगड राखाडी, धुऊन फिका पडल्यासारखा येतो. आपल्या देवळाचा, मंडपाचा काळा दगड ज्यांनी पाहिलाय त्यांना कळेल की तो रंग गेला तर काय उरतं.

संध्याकाळी दुकानांचे दिवे लागले की महाद्वार रोड मला सगळ्यात आवडतो, पण तेव्हाच्या फोटोंत आडवे काळे पट्टे येतात आणि एकाच चौकटीत अर्धं पिवळं, अर्धं निळं दिसतं.

तांत्रिक गोष्टींखेरीज एक प्रश्न मनात आहे. सजावटीबरोबर तिचा मालक फोटोत असावा का? एकट्या वस्तूचा फोटो कॅटलॉगसारखा वाटतो, माणूस उभा केला की तो अवघडतो. आणि विचारून काढावा की आधी काढून मग विचारावं? घराच्या दाराचं तर मला फारच जड जातं, कारण उघड्या दारातून घरातलं माणूस, चुलीपर्यंतचं सगळं दिसत असतं.

दिवाळीच्या आत निवडक फोटो कागदावर छापून ज्याचे त्याला नेऊन द्यायचे आहेत. मामांना तर शब्दच दिलाय. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद

ताई, विषय छान घेतलात. मी बरीच वर्षं राजारामपुरीत स्टुडिओ चालवला, त्यातून जे कळलं ते सांगतो.

आधी काळा दगड, कारण त्याचं उत्तर सोपं आहे. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी धरून चालतो. काळं दिसलं की त्याला वाटतं उजेड कमी आहे, आणि तो फोटो उजळवतो. म्हणून दगडाला एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप खाली घ्यायचं (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा). मोबाईलवर दगडावर बोट दाबून धरा, फोकस लॉक होईल, मग शेजारची पट्टी खाली ओढा. चुन्यानं रंगवलेल्या पांढऱ्या भिंतीला याच्या उलट, थोडं वर. पावसाळ्यात दगड ओला असताना तर जाच. ढगाळ आभाळाचा उजेड सगळीकडून सारखा येतो, सावल्या कडक पडत नाहीत आणि ओल्या दगडाला खोल काळा रंग चढतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आयता मिळतो तो उजेड, आणि नेमके तेव्हाच लोक कॅमेरे कपाटात ठेवतात.

उजेडाची दिशाही बघा. अंबाबाईचं देऊळ पश्चिमाभिमुख आहे, म्हणून तर किरणोत्सवात मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. तेव्हा महाद्वाराचा बाहेरचा भाग टिपायचा तर सकाळी जाऊन उपयोग नाही, दुपार कलल्यावर जा. तुमच्या वाटेवरचं प्रत्येक दार कोणत्या दिशेला आहे ते एकदा वहीत लिहून काढा. निम्मं काम तिथंच होतं.

झुकणारे खांब: मोबाईल वर किंवा खाली कलला की रेषा झुकणारच. मोबाईल भिंतीला समांतर, अगदी उभा धरायचा आणि दाराच्या मध्यावर आणायचा. उंच दार असेल तर समोरच्या घराच्या पायरीवर चढा (विचारून). ग्रिड चालू ठेवा, चौकटीची रेघ ग्रिडच्या रेघेला लावा. अल्ट्रावाइड मात्र टाळा, तिच्यात कडा ताणल्या जातात. गल्ली अरुंद आहे तर पूर्ण दार घ्यायचा हट्ट सोडावा असं माझं स्पष्ट मत आहे. कडी-कोयंडा, गणेशपट्टी, कोनाड्यातली पणतीची काजळी, झिजलेला उंबरा, हे वेगवेगळे घ्या. दोन-तीन तुकडे शेजारी ठेवले की दार उभं राहतं. त्यासाठी मोबाईलचं दुप्पट झूम किंवा तुमच्या लेन्सचं ५५चं टोक बरं.

रिक्षाचं: आत अंधार, बाहेर ऊन, हा फरक कॅमेऱ्याला झेपत नाही. मामांना रिक्षा सावलीत घ्यायला सांगा, म्हणजे मागे उन्हातला चौक न येता सावलीतली भिंत येईल, आणि रिक्षाचं तोंड मोकळ्या आभाळाकडे राहू दे. आभाळाचा उजेड पुढच्या काचेतून आत जातो आणि रेक्झिनची बटणं चमकतात. फ्लॅश नको. स्टीलमधलं स्वतःचं प्रतिबिंब पोलरायझर (लेन्सवर लावायचा चमक कमी करणारा फिल्टर) लावून जाणार नाही, नुसत्या धातूवर तो चालत नाही. काचेवर आणि रेक्झिनवर चालतो. स्टीलसाठी स्वतः बाजूला सरका, तिरपे उभे राहा, गडद कपडे घाला.

आडवे पट्टे येतात ते दिव्यांमुळे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दुकानातले बरेच एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. मोबाईलच्या प्रो मोडमध्ये शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, पट्टे जातील. रिक्षातल्या पळत्या लायटिंगचा याच्याशी संबंध नाही, ती बॅटरीवर चालते. तिथे मोबाईल कशाला तरी टेकवून शटर अजून हळू ठेवा. पिवळ्या-निळ्याची भांडाभांडी मात्र पूर्ण मिटत नाही. जी वस्तू मुख्य आहे तिच्यावरच्या दिव्याला व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं यासाठीची रंगांची सेटिंग) लावा आणि उरलेलं तसंच राहू दे. संध्याकाळ तशीच असते. नाहीतर दिवे लागल्यावर पण आभाळ पुरतं काळं होण्याआधी जी वीस-पंचवीस मिनिटं मिळतात, तेवढ्यात काम उरका.

प्रतिसाद

नमस्कार ताई. आमच्या घरात वडील रिक्षा चालवतात, म्हणून माणसाबद्दलच्या प्रश्नावर बोलतो.

विचारूनच काढा. कोल्हापुरात सजवलेल्या रिक्षेचा फोटो काढू का म्हटल्यावर नाही म्हणणारा माणूस विरळा. इथे रिक्षांच्या सौंदर्यस्पर्धा होतात, लोक त्यासाठी वर्षभर पैसे बाजूला टाकतात. त्यामुळे "फोटो काढू का" एवढ्यावर थांबू नका. "हे कुशन कुणाकडनं करून घेतलं? ही अक्षरं रेडियमची का रंगवलेली?" असं विचारा. वडिलांना कुणी असं विचारलं की ते दहा मिनिटं बोलतात आणि हात आपोआप त्या वस्तूकडे जातो. गोंडा सारखा करतात, झालर उलगडून दाखवतात. फोटो तेव्हा काढा. उभं राहा म्हणायचंच नाही. मामा तसबीर पुसत होते ना, तोच तुमचा फोटो होता. पुढच्या वेळी ते पुसायला लागले की तुम्हीही सुरू करा.

तोंड दिसायलाच पाहिजे असंही नाही. फडकं धरलेला हात, खाकी शर्टाची बाही आणि मागे तसबीर, एवढं पुरतं. पण छापून द्यायचा जो फोटो आहे त्यात अख्खी रिक्षा, मालक आणि नंबरप्लेट तिन्ही घ्या. तुम्हाला तो साधा वाटेल, घरात मात्र तोच भिंतीवर लागतो. इंटरनेटवर टाकताना नंबर झाका, कागदावर राहू दे.

एक सांगतो, सकाळी शाळेच्या वेळी कुणाला थांबवू नका, धंद्याची वेळ असते. दुपारी दोन ते चारमध्ये स्टँडवर जा, सगळे निवांत असतात.

प्रतिसाद

घरांच्या दाराबद्दल: बाईमाणूस विचारायला गेलं की काम सोपं होतं, हा माझा अनुभव. "काकू, तुमच्या दारावरचा गणपती फार सुंदर आहे, त्याचा फोटो घेऊ का?" असं म्हटलं की बहुतेक काकू स्वतःच दार ओढून घेतात किंवा चपला बाजूला करतात. चपला मात्र राहू द्यायला सांगा, त्यांच्याशिवाय दार ओसाड दिसतं. रांगोळीचा फोटो हवा असेल तर सकाळी लवकर, ती काढणारी अजून तिथेच असताना. ऊन तिरपं असलं की रांगोळीचे उंचवटे दिसतात, डोक्यावर आलं की सगळं सपाट होतं. लहान मुलं चौकटीत आली तर आईला विचारल्याशिवाय फोटो कुठेही टाकू नका.

छपाईचं: मोबाईलचा फोटो ४:३ मापाचा असतो आणि स्टुडिओत नेहमीचा कागद ४ बाय ६ इंचाचा. त्यात आडवा फोटो वरखालून कापला जातो, उभा दोन्ही बाजूंनी, आणि नेमकी तसबीर किंवा गणेशपट्टी जाते. ६ बाय ८ मागा, ते माप ४:३ला तंतोतंत बसतं. १२ मेगापिक्सेलचा फोटो त्याला हवा त्याहून मोठाच आहे. फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, दाबून लहान होते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्ह न्या. चकचकीत कागदापेक्षा मॅट घ्या, बोटांचे ठसे उठत नाहीत. मागच्या बाजूला पेन्सिलीनं जागा आणि तारीख लिहा, तुमच्याकडच्या प्रतीवर तर नक्कीच. पुढे कुणाला हे काम बघायचं झालं तर कोणत्या गल्लीतलं दार होतं हेच आधी विचारतील.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, दारांच्या दिशा लिहायची कल्पना मला फारच पटली, आजच वही केली. पूर्ण दार घ्यायचा हट्ट सोडायला मन तयार नाही अजून, पण तुकड्यांत घेऊन बघते.

दादा, तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा. "कुणाकडनं करून घेतलं" हा प्रश्न विचारला तर कुशन करणाऱ्यांची, अक्षरं रंगवणाऱ्यांची नावंही कळतील, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांची परवानगी असेल तर प्रत्येक फोटोबरोबर ते नावही लिहून ठेवीन. शनिवारी दुपारी बिंदू चौकातल्या स्टँडवर जाते आणि जे जमेल ते इथे टाकते.

अजून एक विचारायचं राहिलं. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणपतींचं रंगकाम चालू असताना जायचं आहे. शेडमध्ये वरून पत्र्याच्या फटींतून उन्हाच्या तिरीपी येतात आणि खाली ट्यूबलाइट असते, शिवाय हवेत रंगाचा फवारा. तिथे कॅमेरा न्यावा का मोबाईलच बरा? आणि डोळ्यांची आखणी चालू असताना कारागिरांना फोटो काढलेला चालतो का? कुणी तिथे काम केलं असेल किंवा ओळखीचं असेल तर जाण्याआधी सांगा.