कॅनमोरमध्ये वर्षभरासाठी भाड्याचं घर: मदत हवी आहे

कॅनडात कॅलगरीहून ऑक्टोबरात कॅनमोर या बॅन्फजवळच्या गावी राहायला जायचंय. दोघंही पीआर, म्हणजे कायम रहिवासी. नवऱ्याला बॅन्फच्या हॉटेलात किचनमध्ये नोकरी लागली आहे, माझं काम घरूनच. बॅन्फ नॅशनल पार्कात असल्याने तिथे राहायला सहसा पार्कातच नोकरी लागते. ती अट पूर्ण होते, पण स्टाफची खोली एकट्यापुरतीच.

कॅनमोरला तीन घरं पाहिली. तिन्ही मालक म्हणतात, एप्रिलअखेर रिकामं करा, उन्हाळ्यात पर्यटकांना द्यायचंय. एका घरात स्कीच्या बुटांना खास कपाट, पोळ्या लाटायला हातभर ओटा नाही! गाडी नाही, नवरा रोम (Roam) या स्थानिक बससेवेच्या बसने जाईल. शिफ्ट रात्री 11ला सुटते.

बारा महिन्यांचा करार देणारे मालक कुठे शोधायचे? आणि जानेवारीत रात्रीच्या बसवर विसंबता येतं का?