अनुभव धागा: मोठ्या टेक परिषदेत तुमच्या ओळखी कशा झाल्या?

नमस्कार मंडळी,

परवा भाचीचा फोन आला. कंपनीकडून ती पहिल्यांदाच बार्सिलोनाला, मोबाइल वर्ल्ड काँग्रेस या मोबाइल क्षेत्रातल्या परिषदेला चालली आहे. व्हिसा, तिकीट, हॉटेल सगळं झालंय, तरी एक प्रश्न तिला सतावतोय. "मामा, तिथे अनोळखी माणसाशी बोलायला जायचं कसं? काम नसताना ओळख वाढवायची म्हणजे मला वशिला लावल्यासारखं वाटतं."

ऐकून मी गप्पच झालो, कारण 2019 मध्ये मी तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्याही मनात हेच होतं. ओळखीवर कामं करून घेऊ नयेत, हे आपल्याला घरी शिकवतात आणि ते योग्यच आहे. पण त्या नादात ओळख करून घेणंच आपण टाळायला लागतो. लग्नाच्या पंगतीत शेजारच्याला "आपण मूळचे कुठले?" असं विचारून मठ्ठा येईपर्यंत नातं काढणारी माणसं आपण. मग गळ्यात बॅज आला की भीड का पडते?

आधी माझा अनुभव सांगतो. फिरा ग्रान व्हिया या प्रदर्शन केंद्रात आठ मोठी दालनं आहेत आणि ती जोडणारा लांबलचक उंच पादचारी मार्ग आहे. चार दिवसांत एक लाखावर माणसं येतात. पहिले दोन दिवस मी एकेक दालन पालथं घालत सुटलो. दुसऱ्या रात्री हॉटेलवर खिसे रिकामे केले तर कार्डांचा गठ्ठा निघाला, पण त्यातल्या एकाचाही चेहरा आठवेना.

तिसऱ्या दिवशी फिरणं बंद केलं. आमचं काम रोमिंगच्या बिलिंगचं. त्या विषयावरच्या एका छोट्या सत्राला जाऊन बसलो. सत्र संपल्यावर सगळे वक्त्याभोवती जमले. मी मात्र ज्या बाईंनी शेवटचा प्रश्न विचारला होता त्यांच्याकडे गेलो, कारण त्यांची अडचण हुबेहूब आमची होती: टाइमझोनच्या नोंदीत घोळ झाला की टॅप फाइल (मोबाइल कंपन्यांमधल्या रोमिंगच्या हिशेबाची फाइल) नाकारली जाते आणि पैसे अडकतात. त्या पोर्तुगालच्या एका ऑपरेटरकडे होत्या. कॉफीच्या रांगेत आम्ही अर्धा-पाऊण तास बोललो. त्याच रात्री आमची तपासणीची पद्धत दोन परिच्छेदांत लिहून त्यांना पाठवली, बदल्यात काही मागितलं नाही. 2020 ला पुन्हा भेटायचं ठरलं होतं, पण 12 फेब्रुवारीला, सुरू व्हायला बारा दिवस उरले असताना, ती परिषद कोविडमुळे रद्द झाली. मग व्हिडिओ कॉलवर भेटलो. आजही रोमिंगमधलं काही अडलं की मी त्यांना विचारतो आणि त्या मला.

तेव्हापासून कुठेही गेलो की वक्त्यापेक्षा प्रश्न विचारणाऱ्याकडे माझं जास्त लक्ष असतं. वक्त्याला त्या दिवशी शंभर जण भेटतात. प्रश्न विचारणारा मात्र बहुधा एकटाच दाराकडे निघालेला असतो.

आता तुम्ही सांगा. नुसते सल्ले नकोत, प्रत्यक्ष घडलेलं लिहा. फसलेलंही लिहा.

गवतीचहा

मी 2019 ला बंगळुरूला ग्रेस हॉपर सेलिब्रेशन इंडिया या तंत्रज्ञानातल्या महिलांच्या परिषदेला गेले होते. शिष्यवृत्ती मिळाली होती, नाहीतर सांगलीच्या कॉलेजातून तिथवर जाणं मला शक्य नव्हतं. तिथे हजारो मुली-बायका, आणि सगळ्यांचं इंग्रजी सफाईदार. पहिल्या दिवशी मी कोपऱ्यात एकटीने जेवले.

नोकऱ्यांच्या दालनात एका मोठ्या कंपनीच्या टेबलापाशी पाऊण तास रांगेत उभी राहिले. समोरच्या माणसाने माझा बायोडाटा घेतला, न वाचताच गठ्ठ्यावर ठेवला आणि "वेबसाइटवर अर्ज करा" म्हणाला. मला रडूच आलं. बाहेर येऊन आईला फोन लावला. फोन ठेवला तशी बाजूच्या बाई म्हणाल्या, "मराठी का ग? चल, चहा घेऊ."

त्या नांदेडच्या, डेटा स्टोरेजमध्ये चौदा वर्षं काम करत होत्या. त्यांनी मला "काय काय येतं?" असं विचारलंच नाही. "काय बनवलंयस?" असं विचारलं. मी बिचकत सांगितलं. आमच्याकडे गळीत हंगामात साखर कारखान्याच्या काट्यावर ऊसगाड्यांची रांग लागते, बैलं आणि माणसं रात्रभर थंडीत थांबतात. वडील ट्रॅक्टर घेऊन त्या रांगेत असायचे. म्हणून आम्ही तिघींनी नंबर जवळ आला की एसएमएस जाईल अशी व्यवस्था शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये केली होती. बायोडाट्यात त्याचं नाव होतं ‘क्यू मॅनेजमेंट सिस्टिम’.

बाई म्हणाल्या, "हे सगळं सोडून तू प्रोग्रॅमिंगच्या भाषांची यादी वाचून दाखवत होतीस? आधी ती रांग सांग." माझ्याकडून त्यांनी तीन वाक्यं पाठ करून घेतली: रांग, वडील, एसएमएस. पुढचे दोन दिवस मी तीच वाक्यं मोडक्या इंग्रजीत पंधरा-वीस जणींना सांगितली. ऐकणारी प्रत्येक जण काहीतरी विचारायची. मोबाइलला रेंज नसेल तर? एखाद्याने मधेच गाडी घुसवली तर? उत्तरं देताना इंग्रजी कुठे अडतंय याचा मला विसर पडायचा.

तिथे नोकरी मिळाली नाही. आठ महिन्यांनी त्या बाईंचाच मेल आला, त्यांच्या मैत्रिणीच्या टीममध्ये जागा होती. मुलाखतीत पहिला प्रश्न आला: "ते उसाच्या गाड्यांचं काय होतं?"

त्या आठ महिन्यांत मी त्यांना तीनदा लिहिलं होतं. एकदाही नोकरी मागितली नव्हती. त्यांनी सुचवलेलं वाचून काय कळलं, प्रोजेक्टमध्ये काय बदललं, एवढंच लिहायचे.

भोसरीकर

आमचा छोटा कारखाना आहे. यंत्राच्या बेअरिंगची थरथर मोजून बिघाड आधी ओळखणारं सेन्सर आम्ही बनवतो. लास व्हेगासला सीईएस या इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रदर्शनात नव्या कंपन्यांसाठी युरेका पार्क नावाचा विभाग असतो, तिथे आमचा स्टॉल होता. स्टॉल म्हणजे एक टेबल आणि मागे एक फलक. शेजारी फ्रान्सची मुलं, पलीकडे कोरियाची.

पहिल्या दिवशी मी टेबलामागे बसून राहिलो आणि येईल त्याला अख्खं माहितीपत्रक ऐकवलं. माणसं मान डोलावून पुढे जायची. दुपारी सेन्सर घेऊन टेबलापुढे उभा राहिलो आणि प्रश्न बदलला: "तुमच्या कारखान्यात यंत्र बिघडलंय हे सर्वात आधी कुणाला कळतं?" या प्रश्नावर माणूस थांबतोच. कुणी म्हणे ऑपरेटरला आवाजावरून कळतं, कुणी म्हणे ग्राहकाचा फोन आल्यावर. निम्मी माणसं कारखान्यातली नसायची, तेही लगेच उघड व्हायचं आणि दोघांचा वेळ वाचायचा.

दुसरं, शेजाऱ्यांशी मैत्री केली. फ्रेंच मुलांकडे पाण्याच्या गळतीचं यंत्र होतं. त्यांच्याकडे आलेला कारखानदार ते माझ्याकडे पाठवायचे, मी पाण्याचा विषय निघाला की तिकडे. ओहायोचा जो वितरक पुढे आमच्याशी जोडला गेला, तो त्यांनीच पाठवलेला.

कार्डावर लिहिण्याच्या भानगडीत पडू नका. गुळगुळीत कार्डावर पेन उठत नाही. मी शंभर पानी वही ठेवली होती: माणूस, त्याची अडचण, मी काय पाठवतो म्हणालो. रोज रात्री झोपण्याआधी त्या दिवसाचे सगळे मेल पाठवले. भोसरीला परतल्यावर पाठवू म्हटलं असतं तर इथली ऑर्डर, बिघडलेलं लेथ आणि जीएसटी यांतच महिना गेला असता.

चार दिवसांत विक्री शून्य झाली. घरी तेच सांगितलं. खर्च वसूल व्हायला दीड वर्ष लागलं.

दोन_नंबरचा_बस

आरामदायी, वापरलेले बूट. नवे घेऊन गेलो आणि दुसऱ्या दिवशी माणसांपेक्षा खुर्च्याच शोधत होतो. भाचीला हे नक्की सांगा.

रातराणी

कुणीतरी लिहायला हवं म्हणून लिहिते. या परिषदांच्या संध्याकाळच्या पार्ट्यांमध्येच "खऱ्या ओळखी" होतात असं मला सगळे सांगायचे. मी दारू घेत नाही, आणि गोंगाटात कानाशी येऊन बोलणारी माणसं मला नको वाटतात. एका परिषदेत एक वरिष्ठ गृहस्थ कामाचं बोलायचं म्हणून बाजूला घेऊन गेले आणि भलतंच बोलायला लागले. मी निघून आले, पण पुढचे दोन दिवस त्यांना टाळण्यातच गेले. आता वाटतं, तेव्हाच आयोजकांकडे जायला हवं होतं. बऱ्याच परिषदांची आचारसंहिता वेबसाइटवर असते आणि तक्रार कुणाकडे करायची तेही दिलेलं असतं. ते नाव-नंबर मी आता विमानात बसण्याआधी फोनमध्ये टाकून ठेवते.

तेव्हापासून पार्टीला जाणंच सोडलं. परिषदेच्या दोन-तीन आठवडे आधी पाच-सहा जणांना लिहिते: "तुमचं अमुक काम वाचलं, त्यातलं तमुक मला विचारायचं आहे. सकाळी आठला, सत्रं सुरू व्हायच्या आत, कॉफीला वीस मिनिटं जमेल?" पाचांतले दोघे-तिघे हो म्हणतात. सकाळी माणूस ताजा असतो आणि वीस मिनिटं ठरलेली असल्यामुळे मुद्द्याचं बोलतो. पार्टीला न गेल्यामुळे माझं काहीही अडलेलं नाही. भाचीला हे माझ्या नावाने सांगा.

धागाकर्ता

रातराणी, मनापासून आभार. हे मला सुचलं नसतं. तिला शब्दशः वाचून दाखवतो.

कोपऱ्यातला

मी मितभाषी आहे आणि तसाच राहणार आहे. आइंडहोवनला नोकरी करतो. ब्रसेल्सच्या फॉसडेम या मुक्त सॉफ्टवेअरच्या परिषदेला दोनदा गेलोय. विद्यापीठाच्या सोल्बोश परिसरात शनिवार-रविवार भरते, प्रवेश फुकट, नोंदणीही नाही. खोली भरली की दारावर ‘फुल’ची पाटी लागते आणि मग कुणालाही आत सोडत नाहीत. पहिल्या वर्षी मी ज्या व्याख्यानासाठी गेलो होतो त्याच्या दारावर हीच पाटी होती. बाहेर आमच्यासारखे वीसेक जण उभे होते, सगळे त्याच विषयाचे. तिथेच गप्पा सुरू झाल्या.

त्या घोळक्यात एक रीत पाहिली. उभं राहताना वर्तुळ पूर्ण बंद करायचं नाही, आणखी एक माणूस मावेल एवढी फट ठेवायची. याला पॅकमॅनचा (व्हिडिओ गेममधल्या तोंड उघड्या गोलाचा) नियम म्हणतात, एरिक होल्शर यांनी तो मांडला. माझ्यासारख्याला त्या फटीचा किती आधार वाटतो ते बोलक्या माणसांना कळणार नाही. तिथे जाऊन उभं राहायचं, ऐकायचं, बस.

दुसऱ्या वर्षी तयारीने गेलो. एका मुक्त सॉफ्टवेअरमध्ये मी बग नोंदवला होता: ‘दऱ्या’ लिहिलं की ‘ऱ्या’ तुटायचा, टिंबाचा ऱ, हलन्त आणि सुटा ‘या’ असं दिसायचं. प्रकल्पाच्या टेबलापाशी गेलो, तिथल्या माणसाला बगचा क्रमांक सांगितला. तो म्हणाला, "अच्छा, तो तू का!" मग त्याच्याच वहीत ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ लिहून दाखवलं: हा समुद्र, या डोंगरांमधल्या खोलगट जागा, तुमच्या फॉन्टमध्ये दोन्हींची गल्लत झाली तर अर्थच बुडतो. त्याने आणखी दोघांना बोलावलं. मी सलग पाऊण तास बोललो, जे मी ऑफिसात वर्षभरात करत नाही. बग दुरुस्त झाला. ते तिघे आजही देवनागरीचं काही आलं की मला विचारतात.

तिसरीपोळी

पायकॉन इंडिया या पायथन प्रोग्रॅमिंगच्या परिषदेला नोंदणीच्या टेबलावर स्वयंसेवक म्हणून बसले होते. दोन तासांत कित्येकांना बॅज शोधून दिला. पुढे दिवसभर तीच माणसं आपणहून हसत होती, बोलायला येत होती. भीड असेल त्याने काहीतरी काम अंगावर घ्यावं.

पन्नाशीजवळ

डिसेंबर 2024. दिल्लीला यशोभूमीत कुबकॉन ही क्लाउड तंत्रज्ञानाची परिषद भारतात पहिल्यांदाच झाली, तिथे मी स्वतःच्या खर्चाने गेलो होतो. सप्टेंबरमध्ये नोकरी गेली होती. पहिल्या दिवशी भेटेल त्याला दुसऱ्याच वाक्यात "काही जागा आहे का?" असं विचारलं. माणसं चांगली असतात, पण या प्रश्नावर त्यांच्याकडे उत्तर नसतं, म्हणून ती अवघडतात आणि निघतात. संध्याकाळी मेट्रोत बसल्यावर फार एकटं वाटलं.

दुसऱ्या दिवशी एका स्टॉलवर दोन तरुण मुलं एका त्रुटीवर डोकं खाजवत होती. मी तोच प्रकार वर्षापूर्वी भोगला होता. शेजारी बसून त्यांना लॉग वाचायला मदत केली, तासभर तरी. उठताना त्यातला एक म्हणाला, "सर, तुम्ही सध्या कुठे असता?" तेव्हा सांगितलं. त्याने लगेच त्याच्या मॅनेजरला हाक मारली. तिथे काम जमलं नाही, पण त्या मॅनेजरने ज्यांच्याकडे पाठवलं त्यांच्याकडे मी आता आहे.

धागाकर्ता

सगळं भाचीला पाठवलंय. बूट तिने आजपासूनच वापरायला काढलेत. एक भर माझ्याकडून: बार्सिलोनात फिराची दोन केंद्रं आहेत. नुसतं ‘फिरा’ म्हटलं तर टॅक्सीवाला प्लासा एस्पान्याजवळच्या जुन्या मोंजुइक केंद्रावरही नेऊ शकतो. परिषद 2013 पासून ग्रान व्हियाला भरते. विमानतळावरून मेट्रोची एल-9 दक्षिण लाइन थेट तिथे जाते.

तिचा एक प्रश्न आहे. नव्या कंपन्यांच्या विभागात, फोर वायएफएनमध्ये, तिच्या ओळखीचं कुणीच नाही. इथलं कुणी जाणार आहे का?

गवतीचहा

माझ्या टीममधली एक जण जातेय, सोमवार ते गुरुवार चारही दिवस. मूळची मिरजेची आहे. तिला विचारून दोघींची गाठ घालून देते. भाचीने "काय बनवलंय" त्याची तीन वाक्यं लिहून मला पाठवली तर मी ती पुढे देईन.