वॉशक्लॉथला मराठीत काय म्हणाल? (आणि आमच्या नॅपकिनचं काय चुकलं?)

धागाकर्ती: तान्ह्या बाळाच्या निगेबद्दलच्या एका अमेरिकन पत्रकाचा अनुवाद करतेय. त्यात दर दोन ओळींनी ‘वॉशक्लॉथ’ येतो. कोमट पाण्यात बुडवा, पिळा, मानेच्या वळ्या पुसा, कानामागे पुसा. मी बिनदिक्कत ‘नॅपकिन’ लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी लाल रेघ ओढली : ‘नॅपकिन जेवताना मांडीवर घेतात.’ आमच्या घरात तरी जन्मात कुणी घेतला नाही. दुसरा शब्द आहे का?

खिडकीजवळ: बाईंचं इंग्रजी बरोबर असेल, मराठी नाही. मराठी नॅपकिन म्हणजे रुमालाचा थोरला आणि टॉवेलचा धाकटा भाऊ. दुकानात साधारण १४ बाय २१ इंचांचा मिळतो. बेसिनशेजारी खिळ्याला लटकतो, उन्हात ड्रायव्हरच्या गळ्यात असतो, आणि एसटी फलाटाला लागली रे लागली की खिडकीतून आत पडून जागा धरतो. नॅपकिन टाकलेल्या सीटवर बसून दाखवा, मग कळेल त्याचं वजन!

जुनी वही: शब्दाचा इतिहासही आपल्याच बाजूचा आहे. फ्रेंचमध्ये ‘नाप’ म्हणजे मेजावर अंथरायचं कापड. त्याला ‘छोटं’ या अर्थाचा ‘-किन’ लागला. म्हणजे शब्दाच्या पोटात नुसतं ‘छोटं कापड’ आहे, मांडी कुठेच नाही. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’त ज्या हातरुमालावरून सगळं रामायण घडतं, त्यालाही पात्रं ‘नॅपकिन’ म्हणतात. पुढे इंग्रजीनेच अर्थ आवळत नेला. ब्रिटनमधली बाळाची ‘नॅपी’ हे त्याचंच लाडाचं रूप. जाता जाता : एप्रन त्याच घराण्यातला. मूळ ‘नेप्रन’, पण ‘अ नेप्रन’चं ऐकण्यात ‘अॅन एप्रन’ झालं आणि बिचाऱ्याचा ‘न’ कायमचा गेला.

माशेलकार: आमच्या कोकणीत ‘तुवालो’, पोर्तुगीज ‘तुआल्य’वरून. लहान असो, मोठा असो, तुवालोच.

सासर लीड्स: पण वॉशक्लॉथ म्हणजे आपला नॅपकिन नव्हेच, हे कुणी बोलत नाहीये. तो चौकोनी असतो, फूटभर बाय फूटभर, आणि कोरडं करायला नसतो, *धुवायला* असतो. ओला करायचा, साबण लावायचा, त्याने अंग घासायचं. इथे इंग्लंडमध्ये त्याला ‘फ्लॅनेल’ म्हणतात, ऑस्ट्रेलियात ‘फेस वॉशर’. फ्रेंच लोक तर त्याची पिशवी शिवून हातमोज्यासारखी चढवतात. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात सासूबाईंनी माझ्या उशाशी घडी करून फ्लॅनेल ठेवलं. फ्लॅनेल म्हणजे मला बाळाच्या दुपट्याचं मऊ कापड माहीत, आणि हे तर खरखरीत टर्किश. दोन दिवस मी त्याने चष्मा पुसला.

मराठीत शब्द नाही, कारण मुळात वस्तूच नाही. आपण तांब्याने भडाभडा पाणी घेणारी माणसं. घासायचंच तर टाचेला वजरी, पाठीला वाळक्या घोसाळ्याची जाळी.

खिडकीजवळ: मान्य. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं काय? तिथे तांब्या चालत नाही.

रात्रपाळी: हेच लिहायला आले. मी वॉर्डात नर्स आहे. आम्ही ‘स्पंजिंग’ म्हणतो, पण हातात स्पंज कधीच नसतो. नातेवाइकांना सांगतो, ‘दोन नॅपकिन आणा, एक ओला करायला, एक कोरडा.’ आजवर एकानेही जेवणाचा कागदी नॅपकिन आणलेला नाही. ताप चढलेल्या पोराच्या आईलाही ‘ओल्या नॅपकिनने अंग पुसून घ्या’ एवढंच म्हणते, ती लगेच उठते. ‘अंगघासणे’ वगैरे घडवू नका हो. ते ऐकून बाळाला वजरीच लावतील.

धागाकर्ती: ‘फडकं’ कसं वाटतं? मऊ सुती फडकं?

सासर लीड्स: फडक्याला ओट्याचा वास येतो. आजी ऐकूनच म्हणेल, ‘बाळाला फडकं?’ धुऊन मऊ झालेल्या पंचाचा तुकडा म्हणा, तिला पटेल. पण मुंबईतल्या नव्या आईकडे पंचा असेल का, शंकाच आहे.

धागाकर्ती: ठरलं. पहिल्यांदा येईल तिथे ‘मऊ, छोटा सुती नॅपकिन (ओला करून पिळलेला)’ आणि पुढे सगळीकडे ‘ओला नॅपकिन’. पुसायचा तो ‘कोरडा नॅपकिन’. बाईंना रात्रपाळी यांचं उत्तर जसंच्या तसं पाठवलं. त्यांचा निरोप आला : ‘चालेल. पण कंसातलं आधी घ्या, आया कंस वाचत नाहीत.’