मदत हवी आहे: क्लॅव्हिओलिनसाठी नवी पेटी आणि स्पीकर

सेल्मर कंपनीचं जुनं क्लॅव्हिओलिन हे इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड-वाद्य दुरुस्त करतोय (कल्याणजींनी 'नागिन'ची बीन वाजवली ते वाद्य). कीबोर्ड सुरात आहे. व्हॉल्व्ह अँप्लिफायरची चेसिस (भाग बसवलेला पत्र्याचा सांगाडा) आणि अँप्लिफायर स्पीकरशी जुळवणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मरही शाबूत. पण अँप्लिफायर-स्पीकरच्या लाकडी पेटीचा वाळवीने पार भुगा केलाय आणि स्पीकरचा कोन (कागदी पडदा) फाटलाय.

स्पीकरमधल्या तारेच्या गुंडाळीचा (व्हॉईस कॉइल) डीसी रेझिस्टन्स 2.4 ओहम भरला, म्हणजे मूळ स्पीकर 3 ओहमचा असावा. इथे पुण्यात पासोड्या विठोबापाशी 4 आणि 8 ओहमचेच मिळतात. 8 ओहमचा लावून पाहिला; आवाज येतो, पण ती नाकातली धार गेली. रिकोन करणारे (कोन बदलून देणारे) जाड, कापडी कडेचा कोन बसवतात, तो या कामाचा नाही. ट्रान्झिस्टर अँप्लिफायर सुचवू नका, कीबोर्डलाही वीज याच चेसिसमधून जाते. हाय व्होल्टेजची काळजी घेतोय.

प्लाय भवानी पेठेतून आणेन, सुतार तयार आहे, अडलंय ते मापांवर. कुणाकडे मूळ पेटी असेल तर आतली लांबी-रुंदी-खोली, प्लायची जाडी आणि स्पीकरच्या भोकाचा व्यास सांगाल का? मागची बाजू उघडी असते की बंद? आणि 3 ओहमच्या जागी 4 ओहमचा, हलक्या कागदी कोनाचा स्पीकर चालेल, की ट्रान्सफॉर्मरच नव्याने गुंडाळून घ्यावा?