सारंगखेड्याची यात्रा आणि लग्नाचे व्हिडिओ: एसडी कार्ड कोणतं घ्यावं?

भुसावळकर:
राम राम मंडळी. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा आहे. एसडीचा एकच स्लॉट, तोही यूएचएस-१ (कमी वेगाचा प्रकार). रॉमध्ये (प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) सेकंदाला १० फोटो, ४के व्हिडिओ १०० एमबीपीएसवर. आत्ता त्यात ३२ जीबीचं क्लास १० कार्ड आहे. बर्स्ट (सलग फोटो) लावला की अडीच सेकंदांत शटर अडखळतं, आणि मग लाल दिवा पाऊण मिनिट लुकलुकत राहतो. ४के रेकॉर्डिंगही मधेच आपोआप बंद पडतं. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात फोटो काढायचे आहेत, आणि पुढे लग्नसराई आहेच. दुकानातल्या कार्डांवर २०० एमबी, यू३, व्ही३०, ए२ असं बरंच काही छापलेलं असतं. यातलं बघायचं काय? आणि १२८ जीबीचं एक घ्यावं की ६४ ची दोन?

तापीकाठ:
भाऊ, तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ लिहिण्याच्या वेगात आहे. १०० एमबीपीएस हे मेगाबिट असतात. आठाने भागा, म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी. क्लास १० कार्ड हमी देतं फक्त १० एमबीची. अडीच एमबीची तूट साठत जाते आणि कॅमेरा रेकॉर्डिंग थांबवतो. व्ही३० म्हणजे लिहिण्याचा वेग सेकंदाला ३० एमबीच्या खाली जाणार नाही. तुमच्या ४केला तेवढं भरपूर झालं. यू३ ची हमीही तितकीच, ३० एमबीची.

बर्स्टचं गणित निराळं आहे. एक रॉ साधारण २८ एमबीची धरा. सेकंदाला १० म्हणजे २८० एमबी. यूएचएस-१ ची कमाल मर्यादाच १०४ आहे, त्यामुळे कितीही महाग कार्ड घातलं तरी बफर, म्हणजे कॅमेऱ्यातली तात्पुरती साठवण, भरणारच. फरक पडतो तो बफर रिकामा व्हायला. २५ रॉ म्हणजे ७०० एमबी. सेकंदाला १५ एमबी लिहिणारं कार्ड त्याला ४५ सेकंदांच्या वर घेईल, ८० एमबी लिहिणारं नऊ सेकंदांत मोकळं होईल. घोडा फेरी मारून परत येईपर्यंत कॅमेरा तयार हवा, तर हा आकडा बघा.

पाकिटावर मोठ्या अक्षरात छापलेले २०० एमबी हा वाचण्याचा वेग असतो. तोही त्याच कंपनीच्या खास रीडरमध्येच मिळतो. लिहिण्याचा वेग पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात असतो. तो ८०-९० च्या पुढे असेल तेच कार्ड घ्या. ए१, ए२ हे मोबाइलमध्ये ॲप चालवण्यासाठी आहे, कॅमेऱ्याला त्याचा उपयोग नाही. यूएचएस-२ चं कार्ड घेऊ नका. त्याच्या पाठीवर पिनांची दुसरी ओळ असते, पण तुमच्या स्लॉटमध्ये त्या ओळीला टेकणारं काहीच नाही. कार्ड चालेल, पण यूएचएस-१ च्याच वेगाने.

सातपुडा:
वरच्या उत्तराशी सहमत. आता साइजचं. रॉ आणि जेपेग दोन्ही ठेवलं तर एका फोटोला अंदाजे ४० एमबी, म्हणजे ६४ जीबीत १६०० फोटो. व्हिडिओ मिनिटाला ७५० एमबी खातो, म्हणजे ६४ जीबीत जेमतेम ८५ मिनिटं. फोटोंसाठी ६४ ची दोन घ्या. स्लॉट एकच असल्यामुळे दुसरी प्रत कॅमेऱ्यात होतच नाही. एक कार्ड बिघडलं तर निदान अर्धं काम हातात राहतं. लग्नाच्या व्हिडिओला मात्र १२८ च बरं. सप्तपदी चालू असताना कार्ड बदलायला कोण थांबणार?

भुसावळकर:
मग ६४ ची दोन आणि व्हिडिओला १२८ चं एक, तिन्ही व्ही३०. मोबाइलचं मायक्रो एसडी अडॅप्टरमध्ये घालून चालेल का? स्वस्त पडतं. आणि डुप्लिकेट कार्ड ओळखायचं कसं?

केळीबाग:
मायक्रो एसडी चालतं, पण अडॅप्टरमुळे आणखी एक जोड वाढतो. तो किंचित हलला की 'कार्ड एरर'. कमाईच्या कामाला अख्खं एसडीच वापरा.

डुप्लिकेट कार्ड पाकिटावरून ओळखू येत नाही. त्यातली चिप १६ जीबीची असते, पण कार्डातला कंट्रोलर (कार्ड चालवणारी चिप) कॅमेऱ्याला ६४ सांगतो. पहिले १६ जीबी सगळं सुरळीत चालतं. पुढच्या फाइल्सची नावं दिसतात, कधी छोटं चित्रही दिसतं, पण फोटो उघडला की वर पट्टीभर चित्र आणि खाली नुसता करडा रंग. म्हणून कार्ड आणल्याच्या दिवशीच तपासा. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, लिनक्स किंवा मॅकवर एफथ्री. दोन्ही फुकट आहेत. कार्ड काठोकाठ भरतात आणि सगळं परत वाचून ताडून बघतात. यूएसबी २ च्या रीडरवर ६४ जीबीला तासाच्या वर लागतो, तेवढा द्या. अर्धंच तपासून खात्री होत नाही, खोट शेवटच्या भागातही असू शकते. एकही एरर आली तर कार्ड बिलासकट परत करा. पास झालं की ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. लॅपटॉपवर चुकून एनटीएफएस (विंडोजची फॉरमॅट पद्धत) केलं तर कॅमेरा ते ओळखणारच नाही.

तापीकाठ:
यात्रेतल्या धुळीचं राहिलं. घोडे पळतात तिथे फुफाटा उडतो. कार्ड बदलताना वाऱ्याकडे पाठ करा आणि स्लॉटचं तोंड खाली धरा. काढलेलं कार्ड खिशात सुटं टाकू नका, प्लास्टिकच्या डबीत ठेवा. भरलेलं कार्ड डबीत पालथं घाला, म्हणजे घाईत तेच परत कॅमेऱ्यात जाणार नाही. सोनेरी पट्ट्या कोरड्या सुती कापडाने पुसा. खोडरबर लावू नका, त्याचा भुगा स्लॉटमध्ये जातो.

आणि 'कार्ड लॉक्ड' आलं तर आधी डाव्या कडेची बारीक खिटी बघा. ती सैल झाली की कार्ड आत सरकवतानाच खाली घसरते. अशा कार्डावर पुढचं काम घेऊ नका.

सातपुडा:
एक राहिलं. फोटो चुकून डिलीट झाले तर त्या कार्डावर पुढे एकही फोटो काढू नका, लगेच बाहेर काढा. डिलीट झालेले फोटो परत मिळवणारं फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. मिळालेले फोटो त्याच कार्डावर नाही, लॅपटॉपच्या डिस्कवर उतरवायचे. रॉ फाइल्सही बहुतेक मिळतात, फक्त मूळ नावं जातात.